स्टेपलरमध्ये पिना नव्हत्या

“नाते तुटून आठ-दहा महिने झाले. त्या माणसाची आठवणही आता पूर्वीसारखी येत नाही. तरी दिवसभर क्षुल्लक गोष्टींवरून चिडचिड होते, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की एकच प्रश्न छळतो, मी इतकी भोळी कशी राहिले?” समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की तो कुणी विचारू लागले की त्यापुढचे वाक्य मला आधीच ठाऊक असते. ते वाक्य असते, “यापुढे कुणावरही विश्वास ठेवायचा नाही असे मी ठरवले आहे, बरोबर आहे ना?” स्त्रिया हे बहुधा सरळ विचारतात. पुरुष झोप येत नाही, कामात लक्ष लागत नाही अशा आडवाटेने येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत याच ठिकाणी पोहोचतात.

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देण्याची चूक मी केलेली आहे, आणि तिचीच हकीगत इथे सांगणार आहे. जिच्या बाबतीत ही चूक घडली तिने लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत; तिचा व्यवसाय मात्र तिच्याच आग्रहावरून तसाच ठेवला आहे, कारण तो वगळला तर या हकिगतीत सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. तिला मी दुसरे नाव दिलेले नाही. जिचे दुःखच खोट्या शब्दांतून आले, तिला आणखी एक खोटा शब्द चिकटवणे मला बरे वाटेना.

ती मुद्रितशोधक आहे. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधणे हे तिचे रोजचे काम, आणि वय तेव्हा २९ वर्षे. ती माझ्याकडे आली ती प्रेमभंगाची तक्रार घेऊन नव्हे, स्टेपलरची घेऊन. तिच्याहून वयाने लहान असलेल्या एका सहकारी मुलीने सकाळी तिचा स्टेपलर मागून नेला होता. “पाच मिनिटांत आणून देते, नक्की,” असे सांगून नेलेला तो स्टेपलर दुपारी परत आला, तोही रिकामा. हिने कागदांचा गठ्ठा जुळवला, स्टेपलर दाबला, आणि कागदावर पिनेऐवजी नुसता धातूचा वळ उमटला. पुढे काय झाले ते सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती इतक्या मोठ्याने ओरडली की मजल्यावरची सगळी माणसे कामे थांबवून बघत राहिली, ती मुलगी रडली, आणि ही स्वतः अर्धा तास स्वच्छतागृहात जाऊन बसली. “एवढ्याशा पिनांसाठी, मॅडम,” असे म्हणून तिने अंगठा आणि तर्जनी यांत इवलेसे अंतर ठेवून मला पिनेची लांबी दाखवली.

पहिल्या भेटीत जे विचारायचे असते ते मी विचारले. झोप तुटक होती, भूक बरी होती, अधूनमधून छातीत दुखत होते. प्रेमभंगाने हृदयावर खरोखरच परिणाम होतो असे तिने कुठेतरी वाचले होते आणि ती धास्तावली होती. तसा एक विकार आहे. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले, कारण त्यात हृदयाच्या डाव्या कप्प्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या तिथल्या मडक्यासारखा होतो. तो बहुतेक वेळा रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये आढळतो आणि बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत सावरतात. परंतु छातीत दुखते म्हटल्यावर ते मनाचेच दुखणे आहे असे समुपदेशकाने गृहीत धरायचे नसते. मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवले. तपासण्यांत काही निघाले नाही. जगणे संपवावे असे विचार मनात येतात का, हेही मी सरळ शब्दांत विचारले. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारले म्हणून माणसाला हायसे वाटते. “कंटाळा येतो, पण तसं कधी वाटलं नाही,” असे ती म्हणाली. वाटले असते तर पुढची सगळी वाट वेगळी असती, आणि तिच्यावर फक्त मी पुरेशी नसते.

मग हळूहळू मूळ गोष्ट बाहेर आली. ४ वर्षांचे नाते होते. त्यांपैकी शेवटचे १४ महिने तो माणूस आणखी एका नात्यात होता आणि ते हिला एका तिसऱ्याच व्यक्तीकडून, तेही बोलण्याच्या ओघात, कळले. त्याला विचारले तेव्हा त्याने नाकारले नाही. दोन दिवसांनी त्याचा शेवटचा संदेश आला, त्यात दोनच शब्द होते, ‘काळजी घे’. त्याचा आवडता शब्द मात्र ‘नक्की’ हा होता. भेटू का, तर नक्की. घरी सांगशील का, तर नक्की. पुढच्या महिन्यात ना, तर नक्कीच. या नात्याची कल्पना ना घरी होती, ना कार्यालयात. त्यामुळे ज्या रात्री तिला हे कळले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला कामावर गेली आणि तिने ३२ पाने तपासली. “त्या बत्तीस पानांत एकही चूक राहिली नाही,” हे तिने मला दोनदा सांगितले. पहिल्यांदा अभिमानाने, आणि दुसऱ्यांदा मात्र कोणत्या भावनेने ते मला नीटसे कळले नाही.

केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा शोकाला स्वतंत्र नाव दिले. आपण त्याला मान्यता न मिळालेला शोक म्हणू. माणूस गेला तर लोक भेटायला येतात, कामावर रजा मिळते, चार दिवस कुणी काही मागत नाही. पण ज्या नात्याची कुणाला माहितीच नव्हती ते तुटले तर रडायला जागा आणि वेळ कोण देणार? शोकाला वेळ मिळाला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. तो दिवसाच्या फटींमधून गळत राहतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती केवळ चिडचिड दिसते.

दुसऱ्या भेटीला तिने एक वही आणली. जाड पुठ्ठ्याची, रेघा आखलेली. सुरुवातीची काही पाने नाते तुटायच्या आधीची होती. तेव्हा ती कधीकधी दोन-चार ओळींची रोजनिशी लिहीत असे. त्या पानांवरच्या कितीतरी ओळी तिने लाल शाईने खोडल्या होत्या, मुद्रितात खोडतात तशा, एका सरळ रेघेने आणि शेवटी वळण घेऊन. त्यापुढे यादी सुरू होत होती. नोंदींना क्रमांक होते. फोन टेबलावर उपडा ठेवायचा. शनिवारी उत्तर उशिरा यायचे. एकदा नावाचे पहिले अक्षर उच्चारून थांबला आणि हसला. ‘नक्की’ म्हणताना खिडकीकडे पाहिले. अशा ६१ नोंदी होत्या आणि जवळपास प्रत्येकीसमोर समासात लाल शाईत एकच शेरा होता, ‘इथे कसे कळले नाही?’ काही ठिकाणी त्याऐवजी नुसता ‘बावळट’ एवढाच शब्द होता.

मी ती वही वाचली, मिटली आणि म्हटले, “यात तुमचा काही दोष नाही.”

हीच ती चूक. ती खुर्चीत मागे सरकली, वही तिने पिशवीत घातली आणि उरलेला वेळ ती हो-नाही एवढेच बोलत राहिली. निघताना म्हणाली, “हे तर सगळेच सांगतात, मॅडम. माझा दोष नसेल तर मग हे माझ्यासोबत पुन्हा केव्हाही होऊ शकतं. तसं असेल तर मी काय करायचं?” पुढे आठवडाभर हे वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. आपण समोरच्या माणसाला दोषातून मोकळे करतो तेव्हा त्याच्या हातातले एकुलते एक शस्त्रही काढून घेत असतो, याचे भान मला राहिले नव्हते. मी चुकले असे म्हणण्यात यातना असते, पण त्यात एक आशाही असते, की मी बदलले तर हे पुन्हा होणार नाही. रॉनी जॅनॉफ-बुलमन या अभ्यासिकेने १९७९ मध्ये स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात माणूस आपल्या एखाद्या कृतीला दोष देतो, दुसऱ्यात आपल्या स्वभावालाच. कृती बदलता येते. स्वभावालाच आरोपी केले की सुटकेची वाट उरत नाही, कारण आरोपी चोवीस तास आपल्यासोबतच राहतो. वहीतल्या ६१ नोंदी दिसायला कृतींच्या होत्या, पण समासातला शेरा स्वभावाला होता.

तिसऱ्या भेटीत मी वहीला हात लावला नाही. तिला दोन आठवड्यांचे एक छोटे काम दिले. चिडचिड झाली की कुणी, काय आणि नेमक्या कोणत्या शब्दांत म्हटले, तेवढेच लिहायचे. त्यावर शेरा मारायचा नाही. शेरा न मारणे तिला लिहिण्यापेक्षा अवघड गेले. कधीच न पाठवायचे पत्र लिहिण्याचा उपायही मी याच सुमारास सुचवला होता, तो मात्र फसला. तिने तीन पानी पत्र लिहिले, त्यातले शुद्धलेखन तपासले आणि ते फाडून टाकले. सगळ्यांना सगळे उपाय लागू पडत नाहीत.

दोन आठवड्यांत २३ नोंदी जमल्या. त्या आम्ही शेजारी बसून वाचल्या. मी कोणताही निष्कर्ष सांगितला नाही, नुसते मोठ्याने वाचत गेले. “दहा मिनिटांत मजकूर पाठवतो म्हणाला, चाळीस मिनिटांनी पाठवला.” “फोन करते नक्की म्हणाली, केला नाही.” “लिफ्ट आज दुरुस्त होईल असा फलक होता, झाली नाही.” दहावी-अकरावी नोंद वाचून होताच तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि पेन्सिलने खुणा करू लागली. २३ पैकी १७ नोंदी मोडलेल्या शब्दाच्या होत्या. गोंगाट, गर्दी, उकाडा, कामाचा ताण या ज्या गोष्टींनी माणसे सर्वसाधारणपणे वैतागतात, त्यांच्यावर ती चिडतच नव्हती. स्टेपलर रिकामा आला याचा तिला राग आलाच नव्हता. ‘पाच मिनिटांत, नक्की’ या शब्दांचा आला होता. चिडचिड वाटेल तशी, वाटेल तेव्हा होते असे वाटत असते. पण ती अशी लिहून काढली तर तिला पुष्कळदा एक ठरलेला पत्ता असतो.

या भेटीनंतर तिने मला सांगितले, “मला ‘तुम्ही’ म्हणू नका, परकं वाटतं.” मी तिला ‘तू’ म्हणू लागले.

पाचव्या भेटीत वही पुन्हा टेबलावर आली आणि या वेळी मी तिला तिच्या कामाबद्दल विचारले. खरे म्हणजे मला ते कुतूहलच होते. तिने मला खुणा शिकवल्या. अक्षर गाळायचे असेल तर कशी रेघ मारतात, दोन शब्दांतली जागा वाढवायची असेल तर काय करतात, आणि चुकून काही खोडले गेले व ते परत ठेवायचे असेल तर त्याच्याखाली ठिपके देऊन समासात ‘आहे तसे ठेवा’ असे कसे लिहितात. ती शिकवत असताना तिचा आवाज पूर्ण वेगळा होता. मग मी विचारले, “एखादी अख्खी ओळच गळली असेल, तर ती कशी सापडते?”

“मूळ प्रत शेजारी ठेवून,” ती म्हणाली. “नुसतं मुद्रित वाचून नाही कळत. वरची ओळ आणि खालची ओळ जुळत असेल, तर डोळा सरळ पुढे जातो. कितीही अनुभवी माणूस असला तरी.”

“मग तो फोन टेबलावर उपडा ठेवत होता, त्या दिवशी मूळ प्रत कुणाकडे होती?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना ऐकू येत होता. मग तिने वही स्वतःकडे ओढली, पहिली नोंद काढली, तिच्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, “त्याच्याकडे.”

मग तिला मी बारूख फिशहॉफ यांच्या १९७५ मधल्या प्रयोगाबद्दल सांगितले. मनाला दुखापत झालेल्या माणसाला प्रयोग ऐकवणे पुष्कळदा रुक्ष ठरते, पण या मुलीला पुरावा लागत असे. त्यांनी ब्रिटिश आणि गुरखे यांच्यात १८१४ च्या सुमारास झालेल्या संघर्षाचा एक उतारा लोकांना वाचायला दिला. काहींना शेवट सांगितला नाही. बाकीच्यांच्या गटांना वेगवेगळे शेवट ‘हेच घडले’ असे सांगून दिले. मग विचारले, शेवट माहीत नसता तर कोणता शेवट तुम्हाला अधिक संभवनीय वाटला असता? ज्यांना जो शेवट सांगितला होता तोच त्यांना आधीपासून अधिक संभवनीय वाटला, आणि त्याच उताऱ्यातले त्या शेवटाला पूरक तपशील त्यांना एकाएकी महत्त्वाचे भासू लागले. पश्चात्बुद्धी म्हणतात ती हीच. फोन उपडा ठेवणे हा तपशील त्या दिवशी केवळ फोन उपडा ठेवणे एवढाच होता. त्याची खूण झाली ती शेवट कळल्यावर. तिच्या त्या यादीतले पन्नासहून अधिक तपशील कोणत्याही प्रामाणिक माणसाच्या वागण्यात सापडले असते, असे मी म्हणाले तेव्हा ती किंचित हसली. “म्हणजे माझ्या वडिलांचा फोनही उपडाच असतो.”

मला वाटले, गाठ सुटली. समुपदेशकाला असे वाटते तेव्हा त्याने सावध व्हावे.

सहाव्या भेटीला मी १२ मिनिटे उशिरा पोहोचले. आधीच्या भेटीत एक माणूस रडत होता आणि त्याला उठवणे मला जमले नाही. पण हे कारण तिला कसे माहीत असणार? दार उघडून आत गेले तर ती उभी होती. “सहाला नक्की म्हणाला होतात,” एवढेच ती म्हणाली, पण तो आवाज स्टेपलरच्या दिवशीचा असणार हे मला कळले. वही पर्समध्ये कोंबून ती निघाली आणि पर्सची चेन अस्तरात अडकली. ती ओढत राहिली, चेन पुढेही जाईना आणि मागेही येईना. त्या अडकलेल्या चेनचे माझ्यावर उपकार आहेत, कारण तेवढ्या अर्ध्या मिनिटात मला दोन गोष्टी करायला वेळ मिळाला. पहिली म्हणजे, ओठांवर आलेले स्पष्टीकरण मी गिळले. दुसरी म्हणजे, मी म्हणाले, “तू चिडलीस ते बरोबर आहे. मी सहा वाजता भेटेन असं सांगितलं होतं आणि मी सहाला आले नाही.”

चेन तशीच अर्धवट ठेवून ती खुर्चीत बसली. ती रडली, आणि माझ्यासमोर ती पहिल्यांदाच रडत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मी एकदा विचारलं होतं त्याला.”

ही गोष्ट वहीत नव्हती. ६१ नोंदींमध्ये जी एकच खरोखर महत्त्वाची नोंद असायला हवी होती ती तिने लिहिलीच नव्हती. खरे कळण्याच्या सुमारे वर्षभर आधी तिला एकदा शंका आली होती आणि तिने शांतपणे, नीट शब्द निवडून त्याला विचारले होते की तुझ्या आयुष्यात आणखी कुणी आहे का. तो म्हणाला होता, “तुझा माझ्यावर विश्वास नाही?” आणि हिने त्याची माफी मागितली होती. नंतरचे दोन दिवस तो बोलला नाही, म्हणून पुन्हा मागितली होती.

आता सगळे जुळत होते. ती भोळी होती म्हणून तिला कळले नाही, असे तर नव्हतेच. तिला वास आला होता, तिने विचारलेही होते. पण प्रश्नाच्या बदल्यात प्रश्न मिळाला आणि तो तिने उत्तर म्हणून स्वीकारला. ज्या क्षणी तिला राग यायला हवा होता, त्या क्षणी तिने क्षमा मागितली. न केलेला तो राग गेले कितीतरी महिने आपला हिशेब मागत फिरत होता, आणि जो कुणी शब्द मोडेल त्याच्या दारात उभा राहत होता. मग ती स्टेपलर नेणारी बिचारी मुलगी असो की मी. माझ्यावर तो नेमका, रास्त कारणाने आला आणि मी त्याला परत पाठवले नाही, एवढेच माझे श्रेय. बाकीचे चेनचे.

दुसऱ्या भेटीतले माझे ‘तुमचा काही दोष नाही’ हे वाक्य तिच्यापर्यंत का पोहोचले नाही, तेही मला आता समजले. तिच्या मनात एक खरी खंत होती आणि मी ती न पाहताच सरसकट माफी वाटत होते. तिच्या स्वभावात खोट नव्हती. परंतु त्या एका संध्याकाळी केलेली एक कृती तिला वेगळी करता आली असती, आणि पुढे कधी तशी वेळ आली तर करता येणारही होती. हे तिच्याशी बोलताना मी एकच पथ्य पाळले. वेगळे वागली असती तर फसवणूक झाली नसती, असे मी एकदाही सूचित केले नाही. तिने पुन्हा विचारले असते तर तो कदाचित पुन्हा खोटे बोलला असता. फसवणूक त्याची होती. माफी मागणे तेवढे तिचे होते.

यापुढच्या दोन-तीन भेटी आम्ही बहुतांश शब्दांवर घालवल्या आणि मला त्या सगळ्यांत आवडल्या. मराठीत या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत, आणि ते किती सहज एकमेकांच्या जागी टाकले जातात! निरागस, भोळा, भाबडा, बावळट. तिने समासात ‘बावळट’ लिहिले होते. मी म्हणाले, “मुद्रितशोधकाच्या नजरेने बघ, हा शब्द इथे बरोबर आहे का?” तिने तो प्रश्न कामासारखा गंभीरपणे घेतला. तिच्या मते निरागस म्हणजे ज्याच्या मनात कपट आलेलेच नाही असा. म्हणून तो शब्द लहान मुलांना शोभतो आणि मोठ्यांना लावला की थोडा खोटा वाटतो. भोळा म्हणजे जो शंकेआधी विश्वास ठेवतो. भाबडा म्हणजे पुरावा समोर आला तरी ज्याला तो पाहायचा नसतो. आणि बावळट हा शब्द माणसाबद्दल काही सांगतच नाही, तो केवळ बोलणाऱ्याचा राग सांगतो. मी इतक्या वर्षांत याहून नेमके काही ऐकलेले नाही. ती स्वतः यांतली कोण, यावर आमचे एकमत झाले नाही. ती म्हणे, पहिली तीन वर्षे भोळी आणि शेवटचे वर्ष भाबडी. मला भाबडी हे मान्य नव्हते, कारण भाबडे माणूस विचारत नाही आणि हिने विचारले होते.

शंकेआधी विश्वास ठेवणे हा काही थोड्या लोकांचा दुबळेपणा आहे असेही नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ मध्ये अशा कितीतरी प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, ज्यांत लोकांना समोरची व्यक्ती खरे बोलते की खोटे ते ओळखायचे होते. पारख करणारे २४ हजारांहून अधिक होते आणि त्यांचे उत्तर सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आले. नाणे उडवले असते तरी ५० टक्के आले असते. हे ऐकून ती म्हणाली, “चोपन्न टक्के चुका पकडणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी काढून टाकतील.” पण पुस्तकाची मूळ प्रत असते आणि माणसाची नसते, हे आता तिला मी सांगावे लागत नव्हते.

राहता राहिला तो दुसरा प्रश्न, यापुढे कुणावर विश्वास ठेवायचाच नाही का? या प्रश्नावर मी तिच्याशी वाद घातला नाही. जखम ताजी असताना दार लावून घेणे स्वाभाविक आहे, आणि काही काळ ते लावून घेतलेलेच बरे. मात्र विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे असे दोनच पर्याय समोर मांडले की माणूस अडकतो. प्रत्यक्षात आपण विश्वास हप्त्याहप्त्याने देत असतो, आणि पुढचा हप्ता द्यायचा की नाही हे मागच्या लहान शब्दाचे काय झाले त्यावरून ठरवत असतो. तिने यातून स्वतःचा एक व्यावहारिक नियम काढला. कुणी ‘नक्की’ म्हणाले की ती आता शांतपणे विचारते, “किती वाजता?” ज्याला शब्द पाळायचा असतो तो वेळ सांगतो. वेळ हुकली तर ती त्याच दिवशी, साध्या आवाजात, तसे बोलून दाखवते. पहिल्यांदा असे बोलली तेव्हा तिचे हात थरथरत होते, असे तिने सांगितले. चिडचिड थांबली नाही, कमी झाली. दोन आठवड्यांच्या २३ नोंदी महिन्याभरात ९ वर आल्या, आणि त्या ९ मध्ये उकाडा व गर्दी यांनाही जागा मिळाली. मला हा बदल फार मोलाचा वाटला. ती आता इतरांसारखी, साध्यासुध्या कारणांनी वैतागू लागली होती.

स्टेपलरवाल्या मुलीची तिने माफी मागितली. या वेळी ती योग्य जागी होती. एकाच वाक्यात मागितली, स्वतःची कहाणी सांगितली नाही, आणि वर “पण पिना भरून द्यायला हव्या होत्या” हेही म्हणाली.

असाच प्रश्न मनात घेऊन हे वाचणाऱ्या कुणाला एक गोष्ट सांगायला हवी. चिडचिडीसोबत बहुतेक सगळा दिवस उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर नोंदवह्या लिहीत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये.

तिच्या-माझ्या एकूण १४ भेटी झाल्या. शेवटच्या भेटीला ती वही घेऊन आली तेव्हा, ती फाडून टाकल्याचे सांगेल अशी माझी एक छुपी अपेक्षा होती, हे कबूल करते. तिने ती उघडून माझ्यासमोर ठेवली. ६१ नोंदींच्या पानांना तिने हात लावला नव्हता. सुरुवातीची पाने, जुन्या रोजनिशीची, तिने उलगडली. एक ओळ होती, “आज पावसात थांबलो, कुणी काही बोललं नाही, मी फार आनंदात होते.” तिच्यावरची लाल रेघ तशीच होती. पण खाली पेन्सिलने एकाशेजारी एक बारीक ठिपके दिलेले होते आणि समासात, तिच्या मुद्रितावरच्या स्वच्छ अक्षरात, लिहिले होते, ‘आहे तसे ठेवा’.

“सगळी नाही हं, मॅडम,” ती म्हणाली. “अकरा वाक्यं परत घेतली. बाकीची खरंच वाईट लिहिली होती.”